जागेवरची गाडी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मी पहिल्या दिवसापासून शत्रू मानलं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बिबवेवाडीला आत्याच्या फ्लॅटवर राहायला म्हणून मी रिक्षातून उतरले, तेव्हा हा गृहस्थ गेटपाशी हाताची घडी घालून उभा होता. माझ्या दोन बॅगांकडे बघून म्हणाला, "किती दिवस आहात आपण?" आल्या माणसाला पाणी विचारतात. याने मुक्काम विचारला.

मुक्काम मलाच माहीत नव्हता. चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणून नवऱ्याच्या घरातून निघाले होते, परत गेले तर दाराला नवं कुलूप. शेजारीण दार किलकिलं करून म्हणाली, "ते म्हणाले तुम्ही आपणहून गेलात." माहेरी भावाचं राज्य, तिथे चार दिवसच गोड असतात. राहता राहिली आत्या. वडिलांची थोरली बहीण, सत्तरीला टेकलेली, मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. जीभ अशी की दूधवालासुद्धा दोन पायऱ्या खाली उभा राहून बोलायचा. तिने माझ्या बॅगा बघितल्या आणि म्हणाली, "आतली खोली घे. गिझर दहा मिनिटांच्या वर लावायचा नाही." एवढंच. मला त्या वेळी ते फार बरं वाटलं.

गेटमधून आत आलं की छपराखालच्या पहिल्याच जागेत काकांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, गाडी उभी होती. विलायती बनावटीची, बुटकी, गोल पाठीची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की लोक आधी किंमत विचारतात. मूळ रंग मोरपंखी होता असं आत्या सांगायची. मला दिसला तो धुळीचा. चारही टायर बसलेले, मागच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा, सीटच्या काथ्यात उंदरांची बाळंतपणं. टपावर सोसायटीच्या गणपतीचे बांबू आणि गेल्या वर्षीचा थर्माकोलचा महाल. लोक तिला टेकवून स्कूटर लावायचे, आणि लावून झाली की "काय ही घाण ठेवलीय" म्हणत हात झटकायचे.

ते दिवस असे होते की बँका माणसाला रस्त्यात गाठून गाडीचं कर्ज घ्या म्हणायच्या. मी स्वारगेटहून कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम होतं, माझ्या स्वभावाला धरूनच. आमच्या बिल्डिंगमधली पोरंही अशाच कंपन्यांत लागली होती, आणि पोरगं लागलं की वर्षाच्या आत खाली नवी गाडी. पण बिल्डरने जागा ठेवलेली स्कूटरच्या हिशेबाने. छपराखालची ती पहिली जागा काकांना त्याने तोंडी दिली होती. तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये गाडी असलेला माणूस एकच, म्हणून कागद कुणी मागितला नाही आणि कुणी दिलाही नाही.

सेक्रेटरीच्या मुलाने अमेरिकेत बसून बापासाठी गाडी बुक केली, आणि पुढच्याच मीटिंगमध्ये विषय निघाला: पार्किंगमधली बंद वाहनं. बंद वाहन एकच होतं.

"काकू, आपल्या भावना आम्ही समजू शकतो," सेक्रेटरी सुरू झाला.

"भावना राहू द्या. विषय बोला," आत्या म्हणाली.

"विषय इतकाच, की बंद वाहनाला जागा अडवता येणार नाही. दसऱ्यापर्यंत आपण काय ती सोय करा. नाहीतर भंगारवाला सोसायटीच बोलावेल. आपल्याला त्रास नको."

"आणि चालू झाली तर?"

सगळे हसले. सेक्रेटरी सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबला. "चालू झाली तर काकू, मी स्वतः तिला हार घालीन."

"झेंडूचा आणा," आत्या उठत म्हणाली. "गुलाब दुपारपर्यंतही टिकत नाही."

जिना ती कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत चढली. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. घरात आल्यावर ती पाणी न पिताच बसून राहिली. मग म्हणाली, "फ्लॅट काय, आज माझा, उद्या कुणाचाही. यांचं म्हणावं असं इथे ते एकच आहे. त्यांनी मला त्या गाडीत शिकवलं. अख्खी गल्ली खिडकीत येऊन बघायची, बाई गाडी चालवते म्हणून. ती भंगारात गेली तर मी कशाला उरलेय?"

मी म्हणाले, मी करते चालू. पुढे लोकांनी याचं फार कौतुक केलं, भाचीने आत्यासाठी किती केलं वगैरे. ते खरं नाही. गाडीबद्दल मला तेव्हा काडीचं प्रेम नव्हतं. मला तो माणूस हार हातात घेऊन उभा राहिलेला बघायचा होता.

मिस्त्री मिळाला तो जवळचाच. घरची जमीन बिल्डिंगांखाली गेलेली, आलेल्या पैशांतून गॅरेज काढलेलं, आणि बोलण्याची हौस अशी की पाना हातात घेण्याआधी अर्धा तास गावकीचं राजकारण. त्याने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट उघडलं, आत पानतंबाखूची पिंक टाकता टाकता माझ्याकडे बघून गिळली.

"पिष्टन जाम हाय. गॅरेजला वढत न्यावी लागंल."

"गाडी इथून हलणार नाही," आत्या वरून, गॅलरीतून म्हणाली.

"आजी, हितं न्हाय व्हायचं काम."

"मग तुम्ही गाडीपाशी या. गाडी तुमच्यापाशी येणार नाही."

मला वाटलं, म्हातारीचा हेका. भांडलेसुद्धा मी तिच्याशी. पण सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. शेवटी मिस्त्रीच आपली हत्यारं टेम्पोत घालून आणायला लागला, येईल त्या दिवशी. "उद्या येतो" म्हणाला की परवा समजायचं, आणि "येतोच" म्हणाला की पुढचा आठवडा. मी त्याच्यावर ओरडायची, तो मला "ताई, बीपी वाढंल" म्हणायचा.

शनिवार-रविवार मी स्वतः हात काळे केले. पॉलिश पेपरने पत्रा घासला. गंज काढला की खाली भोक, भोकाला ठिगळ, ठिगळावर लांबी, म्हणजे पुट्टी, ती वाळली की पुन्हा घासायची. सीटमधलं उंदरांचं गोकुळ मीच बाहेर काढलं. जाम सुटावा म्हणून प्लगच्या भोकांतून इंजिनात डिझेल ओतून ठेवलं होतं, आणि मिस्त्री आला की पुढून हॅन्डल घालून जोर लावायचा. एके दिवशी आतून करकर आवाज आला आणि हॅन्डल बोटभर फिरलं. मिस्त्री म्हणाला, "सुटली म्हातारी." त्या दिवशी मात्र मी त्याला आमच्या घरचा चहा दिला.

सोसायटी काय गप्प बसते? खालचा नळ नेमका शनिवार-रविवार बंद राहायला लागला. हवा भरलेले नवे टायर सोमवारी बसलेले असायचे. रंगाचा कॉम्प्रेसर आणला त्या दिवशी सेक्रेटरी रुमाल नाकाला लावून खाली आला. म्हणाला, वासाने त्याच्या बायकोचं डोकं दुखतंय.

"तुमच्या मुलाच्या मुंजीत दोन दिवस लाऊडस्पीकर होता," आत्या वरून म्हणाली. "आम्ही कान घेऊन कुठे गेलो होतो का?"

"काकू, ते मंगलकार्य होतं."

"हेही आहे. हार तुम्हीच घालणार आहात ना?"

मोरपंखी रंग चढला. ब्रेक झाले, टाकी धुऊन झाली, काच बसली. दसरा महिन्यावर आला आणि गाडी सुरू काही होईना. सेल्फ फिरायचा, पेट्रोल यायचं, पण प्लगला करंट नाही. मिस्त्रीने आधी कॉईलला नावं ठेवली, मग बॅटरीला, मग त्या गाडीच्या गोऱ्या कारागिरांच्या सात पिढ्यांना. शेवटी प्लगच्या वायरी जिथून निघतात ती टोपी उघडली आणि आत बोट घालून चाचपलं. टोपीखालचा रोटर जागेवर नव्हता. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची जीभ. तो फिरतो तेव्हा प्लगांना आळीपाळीने करंट जातो. तो नसला की बाकी गाडी कितीही ठणठणीत असो, ढिम्म हलायची नाही.

"ह्यो पडल्याला न्हाय," मिस्त्री म्हणाला. "कुणीतरी काढलाय."

मला सेक्रेटरीशिवाय दुसरं कोण दिसणार? मनातल्या मनात मी त्याला त्या रात्री जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या नवऱ्यालाही दिल्या नव्हत्या. मग रोटर शोधायला निघाले. नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं झाली. "मॅडम, ही गाडी अजून आहे कुणाकडे?" एवढंच ऐकून परत यायची. जुन्या बाजारात रविवारच्या रविवार गंजक्या ढिगांत उकिडवी बसून हात घातले. दुसऱ्या गाडीचा एक आणला, तो दांड्यावर बसेना. घरी यायची तेव्हा आत्या वाल सोलत बसलेली असायची. "मिळाला?" विचारायची. नाही म्हटलं की पुढचा वाल सोलायची.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी पिशवी जमिनीवर आपटली. म्हणाले, "मी सोडलं, आत्या. बोलावू दे त्याला भंगारवाला. माझ्याच्याने आता होत नाही."

ती उठली. देवघरापाशी गेली आणि कोनाड्यातून चांदीचा कुंकवाचा करंडा काढला. लग्नातला होता. काका गेल्यापासून तो फक्त पुसून जागच्या जागी ठेवला जायचा. तिने झाकण फिरवलं, आतली कापसाची घडी माझ्या हातावर ठेवली. घडीत रोटर होता. पितळेच्या जिभेला जुनं कुंकू चिकटलेलं.

काखेत कळसा आणि मी गावभर वळसे घालत होते.

"कुणी ठेवला इथे?"

"मीच. यांच्या तेराव्याला." ती पुन्हा वाल सोलायला बसली. "माझा दीर पानावरून उठला तो किल्ली हातात घेऊनच. म्हणे, वहिनी, गाडी मी नेतो, माझ्याकडे चालती राहील. मी कोण नाही म्हणणार? पंगत चालू होती तेवढ्यात खाली जाऊन हा काढला. यांची पद्धत होती, परगावी गाडी लावली की हा काढून खिशात टाकायचे. चोर आला तरी नेणार कशी? दिराने ड्रायव्हर आणला, ढकलली, गेटपर्यंत नेली. इंजिन गेलं म्हणाले आणि आणून ठेवली परत. जावेने कागदांसाठी माझी कपाटं उपसली. करंड्याला मात्र हात लावला नाही. विधवेच्या करंड्यात काय असणार?"

"आणि मला? मला का नाही दिलास? मी इतके रविवार त्या बाजारात घालवले."

"बरं झालं. बाजार माहीत झाला."

"आत्या, थट्टा पुरे."

तिने हातातला वाल ठेवला. "चालू झाली की तू ती कुणाच्या हाती देतेस, हे मला कुठे माहीत होतं? तूही माझी किती दिवसांची?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. तिच्यावर रागावून रडले. चार दिवस आम्ही बोललो नाही. पण रोटर मी त्याच संध्याकाळी मिस्त्रीला नेऊन दिला, आणि गाडी खोकत, धूर काढत सुरू झाली. वर गॅलरीत आत्या उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला तो मला दिसला, पण मी वर बघितलं नाही असं दाखवलं.

दसऱ्याच्या सकाळी सेक्रेटरी खरोखरच हार घेऊन आला. झेंडूचाच. त्याची नवी गाडी आदल्या दिवशी आली होती आणि रिबिनींसकट गेटबाहेर रस्त्यावर उन्हात उभी होती. बिल्डिंग सगळी खाली जमलेली. आत्याने सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीने वाकून बॉनेटवर हार घातला. वाकलेला तो मला फारच आवडला.

"शब्द म्हणजे शब्द, काकू," तो म्हणाला. आवाजात साखर. "आता पहिली फेरी देवाच्या दारात व्हायला पाहिजे. सारसबागेत नेऊन आणा. पूजा करून या."

आत्याने त्याच्याकडे बघितलं, मग जागेकडे. गाडी बाहेर काढून ती खाली उतरली, वरून दोन कुंड्या आणायला लावल्या आणि जागेच्या मधोमध ठेवून घेतल्या. मग म्हणाली, "निघू या."

ती चालवत होती, मी शेजारी. स्वारगेटच्या चौकात बस, रिक्षा, सिक्स-सीटर सगळे अंगावर येत होते आणि ती हॉर्न वाजवत, पाठ ताठ ठेवून, "नीट बघून चाला" असं काच खाली करून लोकांना सुनावत होती. सिग्नलला एका पोलिसाने गाडीकडे बघून हसून हात केला. तिने मानही वळवली नाही, पण तिच्या ओठांवर काहीतरी आलं. तेवढ्या फेरीत मी तिच्यावरचा राग विसरले. गुरुजींनी पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, तिने ते चिरडून गाडी पुढे घेतली आणि आम्ही परत निघालो.

परत आलो तर जागेत सेक्रेटरीची गाडी. हार घातलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. बायको निरांजन ओवाळत होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. आमच्या कुंड्या भिंतीशी नीट ओळीने लावल्या होत्या. त्यांना पाणीसुद्धा घातलेलं होतं.

"अहो, ही आमची जागा," मी गाडीतून उतरून म्हणाले.

"मॅडम, जागा सोसायटीची. रिकामी होती."

"गाडी काढा."

"आज?" त्याने दुखावल्यासारखा चेहरा केला. "पूजा झालेली गाडी आज हलवायची नसते. आपल्याला माहीत असायला हवं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने गाडी पुढे घेतली. हळूहळू, त्याच्या बंपरला आपला बंपर टेकेपर्यंत. त्याच्या मागे भिंत होती. तिने हॅन्डब्रेक ओढला, खाली उतरली, बॉनेट उघडलं. टोपीचे दोन चाप दाबले, रोटर काढला, टोपी परत बसवली, बॉनेट लावलं. बटव्यात आपट्याची पानं होती, त्यांच्यात रोटर टाकला.

"बंद पडली," ती म्हणाली.

"काकू, आत्ता चालत आली ती."

"जुनी गाडी आहे. तुम्हीच म्हणाला होतात, बंद वाहन."

"मग ढकलून बाजूला घेऊ."

"घ्या की. पण पूजा झालेली गाडी आज हलवायची नसते." बटवा कमरेला खोचून ती जिना चढायला लागली.

कुणी ढकलली नाही. गियरमध्ये टाकून कुलूप लावलेली गाडी, त्यात दसरा, त्यात हार त्याने स्वतः घातलेला. सेक्रेटरीला संध्याकाळी नव्या गाडीतून मुलीच्या सासरी सोनं द्यायला जायचं होतं, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं, कारण आठवडाभर त्यानेच सांगितलं होतं. दिवेलागणीला तो वर आला. आपट्याची पानं पुढे केली. आत्या वयाने मोठी, तेव्हा वाकावं लागलं. एका दिवसात दुसऱ्यांदा.

"औक्षवंत व्हा," आत्या म्हणाली. "जागा?"

"आपलीच आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

खाली जाऊन आत्याने रोटर बसवला, गाडी मागे घेतली, आणि त्याने त्याची काढल्यावर आपली आत घेतली. मी त्या दिवशी इतकी खूश होते की मिस्त्रीला पेढे नेऊन दिले.

दिवाळीत सुट्टी होती. थंडी पडायला लागली होती, गाडी पुसून लखलखीत केली होती. मी आत्याला म्हणाले, "चल, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ. पिठलं-भाकरी खाऊ."

"नको."

"बरं, नुसती एक चक्कर. कात्रजपर्यंत."

"नको म्हटलं ना."

मी देवघरात जाऊन करंडा उघडला. रोटर आत होता, कापसाच्या घडीत. माझं टाळकंच फिरलं. केवढा गंज मी या हातांनी घासला, किती रविवार घालवले, किती लोकांशी भांडले, आणि ही बाई पुन्हा तिला तिथेच पुरून ठेवणार. मी तसं बोलूनही दाखवलं. "मग केली कशाला चालू? होती तशीच काय वाईट होती?"

आत्या खिडकीशी बसली होती. खाली छपराखाली गाडीचा मोरपंखी टप दिसत होता. समोर, कोपऱ्यात, सेक्रेटरीची गाडी उघड्यावर उभी होती, तोंड आमच्या जागेकडे करून.

"तो रोज सकाळी गच्चीतून बघतो," ती म्हणाली. "ही गेली का, एवढंच बघतो."

"बघू दे. आपण तासाभरात परत येऊ."

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. मी तिच्या घरात आल्यापासून तिने जे एकदाही विचारलं नव्हतं, ते तिने तेव्हा विचारलं.

"तू किती दिवसांसाठी बाहेर पडली होतीस?"

मी करंड्याचं झाकण लावलं. कोनाड्यात ठेवला. मग खाली जाऊन गाडीवर ताडपत्री घातली आणि तिच्या चारही दोऱ्या बांधल्या.